चालू आहे, पण कोठून? : संकेतस्थळांच्या जागतिक तपासणीचा इतिहास

एखादे संकेतस्थळ चालू आहे की बंद, या प्रश्नाचे उत्तर वरकरणी 'हो' किंवा 'नाही' एवढेच वाटते, आणि बँकेच्या खिडकीपासून बोर्डाच्या निकालाच्या दिवसापर्यंत 'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य त्याच समजुतीने उच्चारले जाते. प्रत्यक्षात वाचकाच्या पडद्यावर एक पान उमटण्यापूर्वी संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधावा लागतो, अनेक कंपन्यांच्या आणि देशांच्या जाळ्यांतून त्या पत्त्यापर्यंत वाट मिळावी लागते, पलीकडच्या सर्व्हरने, म्हणजे पाने पुरवणाऱ्या संगणकाने, जोडणी स्वीकारावी लागते आणि मागितलेले पान शाबूत परत यावे लागते. यांपैकी कोणतीही कडी पुण्यात तुटलेली आणि त्याच क्षणी लंडनमध्ये धडधाकट असू शकते. त्यामुळे 'चालू आहे' हे विधान म्हणजे एका विशिष्ट ठिकाणाहून, विशिष्ट वेळी दिलेली साक्ष असते, आणि दूरच्या यंत्राची खबर घेण्याच्या पद्धतींचा इतिहास हा मुख्यतः साक्षीदार कोठे उभा असावा आणि एकच साक्षीदार पुरेसा असतो का, या दोन प्रश्नांचा इतिहास ठरतो.

हे प्रश्न संगणकापेक्षा जुने आहेत. ५ ऑगस्ट १८५८ रोजी अटलांटिक महासागराखालून आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी पहिली तारायंत्राची केबल पूर्ण झाली, आणि राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले. अवघ्या काही आठवड्यांत ही केबल मुकी झाली, तेव्हा पलीकडच्या टोकाशी बोलण्याचे एकमेव साधन म्हणजे ती केबलच असल्याने, दोष नेमका कोठे आहे हे पलीकडच्या माणसाला विचारण्याची सोय उरली नाही. अशा अडचणीसाठी केबल-अभियंत्यांच्या हाती दोन पद्धती होत्या. पहिली म्हणजे केबल टाकत असतानाच जहाज आणि किनारा यांनी ठरलेल्या वेळी एकमेकांना विद्युतप्रवाह पाठवून तार अखंड असल्याची खात्री सतत करत राहणे. दुसरी म्हणजे तारेचा विद्युतरोध मोजून, किनाऱ्यापासून किती मैलांवर दोष असावा याचे गणित मांडणे. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांच्या आरसा गॅल्व्हानोमीटरमध्ये चुंबकाला चिकटवलेल्या इवल्याशा आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका मोजपट्टीवर सरकत असे, त्यामुळे अत्यंत क्षीण प्रवाहही दृष्टीस पडे. १८६५ साली टाकली जात असताना तुटलेली केबल महासागराच्या तळाशी पडून राहिली, तरी आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटावरील कर्मचाऱ्यांनी तिच्या टोकाला जोडलेल्या यंत्रावरची नजर वर्षभर काढली नाही, आणि सप्टेंबर १८६६ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने ते तुटके टोक वर खेचून त्यातून संदेश धाडला, तेव्हा तो ठिपका हलला.

याच जहाजाने १८७० च्या फेब्रुवारीत मुंबईहून एडनच्या दिशेने केबल टाकली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुंबई ही सुएझमार्गे इंग्लंडमधील पोर्थकर्नो या किनारी ठाण्याशी समुद्री तारेने जोडली गेली. इंटरनेटच्या काळातही मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या अनेक महत्त्वाच्या केबली अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि इजिप्त याच वाटेने युरोपकडे जातात. भारतातून एखादे युरोपीय संकेतस्थळ उघडते की नाही, हे एडन आणि सुएझच्या परिसरातील घडामोडींवर अवलंबून राहते, त्याची मुळे या दीडशे वर्षांपूर्वीच्या मार्गनिवडीत आहेत.

पलीकडच्या टोकाची खबर कशी घ्यावी, हा प्रश्न संगणकांच्या जाळ्यानेही पहिल्या दिवसापासून अनुभवला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ली क्लाइन यांनी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकात प्रवेश मागणारा शब्द एकेक अक्षर करून टंकण्यास घेतला, आणि प्रत्येक अक्षर पोहोचले का, हे पलीकडे बसलेल्या बिल डुव्हाल यांना दूरध्वनीवर विचारले. दोन अक्षरे पोहोचली आणि तिसऱ्याला पलीकडची यंत्रणा कोलमडली. अर्पानेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जाळ्याची पहिली तपासणी त्या जाळ्याबाहेरच्या साधनाने, दूरध्वनीने झाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढील अर्धशतकात तिचे महत्त्व वारंवार सिद्ध झाले.

अर्पानेटची उभारणी करणाऱ्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे जाळ्याचे नियंत्रण केंद्र उभारले, आणि ठिकठिकाणची पॅकेट-वाटप यंत्रे आपली व आपल्याला जोडलेल्या वाहिन्यांची स्थिती ठरावीक अंतराने या केंद्राला कळवू लागली. पॅकेट म्हणजे पत्ता लावलेला माहितीचा लहान तुकडा. मोठा मजकूर अशा तुकड्यांत विभागून पाठवला जातो. केंद्रातील कर्मचाऱ्यांना भाड्याने घेतलेल्या वाहिन्यांमधील बिघाड पुष्कळदा त्या वाहिन्यांच्या मालक टेलिफोन कंपनीच्या आधी कळू लागला. परंतु स्थिती कळवणारे संदेश त्याच जाळ्यातून वाहत असल्याने तपासणीची यंत्रणाच रोगाचे कारण बनू शकते, हे २७ ऑक्टोबर १९८० रोजी दिसून आले. त्या दिवशी एका यंत्राच्या सदोष स्मृतीतून काही बिट गळाल्यामुळे एकाच स्थितिसंदेशाच्या ८, ४० आणि ४४ अशा तीन क्रमांकांच्या प्रती जाळ्यात फिरू लागल्या. क्रमांक ० ते ६३ असे चक्राकार मोजले जात असल्याने ४० पेक्षा ४४ नवा, ८ पेक्षा ४० नवा आणि ४४ पेक्षा पुन्हा ८ नवा, असा निष्कर्ष प्रत्येक यंत्र काढत राहिले, जुनी प्रत टाकून नवी पुढे धाडण्याचे काम कधी संपेचना, आणि संपूर्ण जाळे काही तास ठप्प झाले.

सध्याच्या इंटरनेटवरील तपासणीचा पाया त्यानंतरच्या वर्षी घातला गेला. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या नियमपत्रकाने नियंत्रण-संदेशांची एक पद्धत, म्हणजेच आयसीएमपी, निश्चित केली. तीत 'प्रतिध्वनीची विनंती' आणि 'प्रतिध्वनीचे उत्तर' अशी जोडी आहे : विनंती मिळालेल्या संगणकाने आलेला मजकूर जसाच्या तसा परत धाडायचा, एवढाच तिचा अर्थ. मेरिलँडमधील अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत काम करणारे माइक मस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये या जोडीचा उपयोग करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडीच्या शोधासाठी सोडलेल्या ध्वनीवरून त्याला 'पिंग' असे नाव दिले. पॅकेट सोडायचे, परत आले की गेलेला वेळ मोजायचा, न आल्यास हरवल्याची नोंद करायची, हे त्याचे सारे काम. ज्या बिघाडाच्या शोधासाठी मस यांनी तो लिहायला घेतला, तो बिघाड त्यांचे पहिले पॅकेट सुटण्यापूर्वीच इतरांनी शोधून दुरुस्त केला होता. तरीही काही वर्षांत हा प्रोग्रॅम जगभरच्या यंत्रणा सांभाळणाऱ्यांच्या हातातील रोजचे हत्यार बनला. मस यांनी नोंदवलेल्या एका प्रसंगात, इमारतीतील जाळे अधूनमधून तुटत असल्याने त्रस्त झालेल्या एका तंत्रज्ञाने पिंगचे प्रत्येक उत्तर संगणकाकडून मोठ्याने वदवले आणि इमारतभर फिरत केबलींचे एकेक जोड हलवून पाहिले; ज्या जोडाला हात लावताच आवाज थांबला, तोच सैल निघाला.

पिंगने 'पोहोचते का' हे सांगितले, पण न पोहोचल्यास वाट कोठे तुटली हे सांगितले नाही. ती उणीव १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हॅन जेकबसन यांनी स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून लिहिलेल्या 'ट्रेसराउट' या प्रोग्रॅमने भरून काढली. प्रत्येक पॅकेटवर त्याच्या आयुष्याचा एक आकडा लिहिलेला असतो. वाटेतील प्रत्येक राउटर, म्हणजे पॅकेट पुढे धाडणारे यंत्र, तो एकाने कमी करतो, आणि आकडा शून्यावर आला की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. हा नियम मुळात भरकटलेली पॅकेट कायमची फिरत राहू नयेत यासाठी केलेला होता. जेकबसन यांनी पहिले पॅकेट १ आयुष्याचे, दुसरे २ आयुष्याचे, अशी ओळीने पाठवून प्रत्येक टप्प्यावरील राउटरला स्वतःचा पत्ता कळवण्यास भाग पाडले. विद्युतरोध मोजून दोषाचे अंतर काढणाऱ्या केबल-अभियंत्यांना जे हवे होते, तेच आता टप्प्याटप्प्याने नावानिशी मिळू लागले.

१९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी युरोपीय अणुसंशोधन संस्थेत घडवलेले वर्ल्ड वाइड वेब जगासमोर आणल्यानंतर तपासणीची खोली वाढवणे भाग पडले. सर्व्हर पिंगला तत्परतेने उत्तर देत असला, तरी पाने पुरवणारा प्रोग्रॅम बंद पडलेला असू शकतो. उलटपक्षी सुरक्षेसाठी पिंगची विनंती धुडकावणारा सर्व्हर पाने मात्र सुरळीत देत असतो. म्हणून तपासणी पायरीपायरीने चढू लागली : नावावरून पत्ता मिळतो का, जोडणी स्वीकारली जाते का, सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली नाही ना, आणि सर्व्हरकडून येणारा तीन अंकी उत्तरसंकेत कोणता आहे. २०० म्हणजे सर्व ठीक, ४०४ म्हणजे पान सापडत नाही, ५०० म्हणजे आतला बिघाड, ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. तरीही २०० या संकेतासोबत कोरे पान किंवा बिघाडाची सूचना येऊ शकते, त्यामुळे पानावर अपेक्षित शब्द आहे का हे पाहण्याची चाल रूढ झाली.

याच दशकात ही तपासणी स्वतंत्र व्यवसाय बनली. १९९५ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतील कीनोट सिस्टिम्स या कंपनीने निरनिराळ्या शहरांत ठेवलेल्या संगणकांवरून ग्राहकांची संकेतस्थळे ठरावीक अंतराने उघडून पाहण्याची सेवा विकली. एथन गॅलस्टॅड यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे 'नागिओस' या नावाने परिचित झालेल्या मुक्त प्रणालीमुळे लहान संस्थांनाही स्वतःची पाळत ठेवता आली. नागिओसमधील एक सूक्ष्म भेद या व्यवसायाची परिपक्वता दाखवतो : पहिल्यांदा उत्तर आले नाही की प्रणाली ती स्थिती कच्ची मानते, ठरलेल्या संख्येइतक्या वेळा पुन्हा तपासते, आणि त्यानंतरच पक्की ठरवून माणसाला रात्री उठवते. पुढील काळातील सेवांनी याला ठिकाणाची जोड दिली, म्हणजे एका शहरातून अपयश आले की दुसऱ्या शहरातून पडताळा घेतल्यावाचून बिघाड जाहीर करायचा नाही. उपलब्धतेची टक्केवारीही करारांत शिरली. वर्षात ९९.९ टक्के वेळ चालू असणे म्हणजे सुमारे पावणेनऊ तास बंद असणे, ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे, आणि ९९.९९९ टक्के म्हणजे जेमतेम सव्वापाच मिनिटे. ही काटेकोर अपेक्षा टेलिफोनच्या जगातून आली होती. अमेरिकेतील बेल कंपनीने १९६५ साली सुरू केलेल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक एक्सचेंजसाठी ४० वर्षांत मिळून २ तासांहून अधिक बंद न राहण्याचे उद्दिष्ट ठेवले होते.

परंतु टक्केवारी कोणाच्या जागेवरून मोजलेली आहे, हा प्रश्न २००८ साली तीव्रतेने पुढे आला. त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबली तुटल्या आणि भारत, इजिप्त व आखाती देशांचा पश्चिमेकडचा संपर्क मोठ्या प्रमाणावर क्षीण झाला. युरोप-अमेरिकेतील सर्व्हर त्या दिवशी जागच्या जागी चालू होते. भारतीय कंपन्यांना आपली वाहतूक पूर्वेकडून, सिंगापूर आणि प्रशांत महासागराच्या वाटेने वळवावी लागली. पुढच्याच महिन्यात, २४ फेब्रुवारी रोजी, पाकिस्तानात यूट्यूब रोखण्याच्या सरकारी आदेशाची अंमलबजावणी करताना तेथील दूरसंचार कंपनीने यूट्यूबच्या १,०२४ पत्त्यांच्या गटापैकी २५६ पत्ते आपल्याकडे असल्याची घोषणा आपल्या जाळ्यात केली, आणि ती हाँगकाँगमधील वाहक कंपनीमार्फत जगभर पसरली. राउटर नेहमी अधिक नेमक्या घोषणेला प्राधान्य देत असल्याने जगाच्या मोठ्या भागातून यूट्यूबकडे निघालेली पॅकेट पाकिस्तानकडे वळून नष्ट होऊ लागली. सुमारे सव्वादोन तास चाललेल्या या गोंधळात यूट्यूबच्या एकाही सर्व्हरला इजा झालेली नव्हती. बंद पडली होती ती वाट, आणि ते ओळखण्यासाठी निरनिराळ्या देशांतील राउटरांच्या नोंदी एकत्र ठेवून पाहाव्या लागल्या.

अशा नोंदी कोणत्याही एका कंपनीपाशी पुरेशा नसतात, ही जाणीव एका सामाईक व्यवस्थेत उतरली. युरोप आणि पश्चिम आशियातील इंटरनेट पत्त्यांची नोंदणी सांभाळणाऱ्या अॅमस्टरडॅममधील राइप एनसीसी या संस्थेने २०१० साली 'राइप ॲटलास' हा उपक्रम सुरू केला. तळहातावर मावेल एवढे उपकरण जगभरातील स्वयंसेवक आपल्या घरच्या किंवा कार्यालयातील राउटरला जोडतात. ते अहोरात्र पिंग, ट्रेसराउट आणि नावांच्या शोधाच्या चाचण्या करत राहते. उपकरण चालू ठेवणाऱ्याच्या खात्यात गुण जमा होतात, आणि ते खर्च करून त्याला इतरांच्या उपकरणांवरून स्वतःच्या चाचण्या करवून घेता येतात. आपली वाट दुसऱ्याला वापरू देणाऱ्याला दुसऱ्यांच्या हजारो वाटा वापरता याव्यात, असे हे साधे आणि न्याय्य तत्त्व आहे. सामान्य वाचकाच्या 'फक्त मलाच दिसत नाही की कोणालाच दिसत नाही' या प्रश्नासाठीही याच सुमारास एका ओळीत पत्ता टंकून उत्तर मिळवून देणाऱ्या सेवा लोकप्रिय झाल्या. अशी सेवा एकाच ठिकाणाहून पाहत असेल, तर तिचे उत्तर दुसऱ्या एका साक्षीदाराचे असते, साऱ्या जगाचे नव्हे, ही मर्यादा मात्र वापरणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात येते.

बिघाड आणि बंदी यांतील फरक ओळखणे हे या इतिहासातील सर्वांत अवघड प्रकरण आहे, कारण दोन्ही वेळा वाचकाला तोच रिकामा पडदा दिसतो. २७ आणि २८ जानेवारी २०११ च्या दरम्यानच्या रात्री इजिप्तच्या सरकारी आदेशाने तेथील बहुतेक सेवादारांनी आपल्या पत्त्यांच्या घोषणा मागे घेतल्या, आणि सुमारे पाच दिवस तो देश जगाच्या मार्गनकाशावरून जवळजवळ पुसला गेला. ओळख लपवून इंटरनेट वापरण्याचे साधन पुरवणाऱ्या टॉर प्रकल्पातून २०१२ साली निघालेल्या 'ऊनी' या उपक्रमाने निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांच्या संगणकांवरून संकेतस्थळे उघडून, मिळालेला पत्ता, आलेले पान आणि जोडणी तुटण्याची रीत यांची मोकळ्या जाळ्यावरील निष्पत्तीशी तुलना करण्याची पद्धत रुजवली. कायदेशीर कारणाने रोखलेल्या पानासाठी फेब्रुवारी २०१६ मध्ये ४५१ हा स्वतंत्र उत्तरसंकेत अधिकृतपणे प्रसिद्ध झाला, जेणेकरून नकार देणाऱ्याने निदान नकाराचे कारण सांगावे. कायद्यामुळे दृश्यता देशागणिक बदलते, याचा प्रत्यय मे २०१८ मध्ये युरोपचा माहितीसंरक्षण कायदा लागू झाल्यावरही आला, कारण काही अमेरिकी वृत्तपत्रांनी युरोपातील वाचकांना आपली संकेतस्थळे सरळ बंद केली.

भारताच्या संदर्भात जम्मू-काश्मीरचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील इंटरनेट बंद करण्यात आले. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि अनिश्चित काळासाठी सेवा स्थगित ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्यानंतर सेवा प्रथम संथ वेगाने आणि केवळ मंजूर यादीतील संकेतस्थळांपुरती परत आली. अभ्यासकांनी ती यादी तपासली, तेव्हा मंजूर संकेतस्थळांपैकीही अनेक प्रत्यक्षात वापरण्याजोगी नसल्याचे आढळले, कारण आजचे पान आपली चित्रे, अक्षरवळणे आणि प्रवेशाची सोय इतर अनेक पत्त्यांवरून आणते आणि ते पत्ते यादीत नव्हते. कागदोपत्री उपलब्ध असणे आणि नागरिकाला उपयोगी पडणे यांतील अंतर याहून स्पष्टपणे क्वचितच मोजले गेले असेल.

तपासणाऱ्याने तपासल्या जाणाऱ्या घरात राहू नये, हा १९८० चा धडा अलीकडे दोनदा नव्याने गिरवावा लागला. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील साठवण सेवेत चुकीच्या आज्ञेमुळे खंड पडला, तेव्हा सेवांची स्थिती दाखवणारा कंपनीचा फलक त्याच साठवणीवर अवलंबून असल्याने काही काळ अद्ययावत करता आला नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, भारतीय वेळेनुसार रात्री नऊनंतर, देखभालीच्या एका आज्ञेने फेसबुकच्या माहितीकेंद्रांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. नावांची उत्तरे देणाऱ्या त्यांच्या सर्व्हरांनी आपल्या घोषणा आपोआप मागे घेतल्या, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगभर अदृश्य झाले. दुरुस्तीसाठी लागणारी अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष माहितीकेंद्रात जावे लागले आणि तेथील कडक सुरक्षेमुळे आत शिरण्यासही वेळ लागला.

या दीड शतकाच्या वाटचालीतून निघणारा निष्कर्ष केवळ तंत्रज्ञांच्या कामाचा नाही. महाराष्ट्रात सातबारा उतारा, महाविद्यालयीन प्रवेश, शिष्यवृत्ती यांसारखी कामे संकेतस्थळांवर गेली आहेत, तर आखातात किंवा अमेरिकेत राहणारा मराठी माणूस आपल्या गावची कागदपत्रे आणि वृत्तपत्रे याच वाटेने पाहतो. अशा सेवेची उपलब्धता तिच्या स्वतःच्या माहितीकेंद्रातून मोजून ९९.९ टक्के जाहीर केली, तर तो आकडा खरा असूनही तालुक्याच्या गावात मोबाइलवर अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याविषयी किंवा दुबईतून उतारा मागणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाविषयी काहीही सांगत नाही. सार्वजनिक सेवेच्या उपलब्धतेच्या प्रत्येक दाव्यासोबत ती कोठून, केव्हा आणि कोणत्या पायरीपर्यंत तपासली हे नोंदलेले असावे, तपासणी सेवा चालवणाऱ्याखेरीज अन्य कोणाच्या हाती असावी, आणि तिच्या नोंदी सर्वांना पाहता याव्यात. व्हॅलेन्शियाच्या तारबाबूंपासून राइप ॲटलासच्या स्वयंसेवकांपर्यंत ज्यांनी ही विद्या घडवली, त्यांनी साधने पुरेशी उपलब्ध करून दिली आहेत. ती नागरिकाच्या जागेवर नेऊन वापरण्याची जबाबदारी आता सेवा देणाऱ्या शासनाची आणि संस्थांची आहे.